लेपाचे वय

महाराष्ट्र जिला ‘वणीची देवी’ म्हणतो ती वणीत नाही. वणी दिंडोरी तालुक्यात येते. सप्तशृंग गड आणि पायथ्याचे नांदुरी कळवण तालुक्यात. ही चूक दुरुस्त करायचा कळवणकरांनाही आता कंटाळा आला असावा. तर या गडावर २०२२ च्या जुलैत गाभाऱ्यातले दर्शन बंद झाले आणि कातळातल्या अठरा हातांच्या मूर्तीवरचा शेंदूर उतरवायला सुरुवात झाली. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला हा थर अकराशे किलोंच्या घरात भरला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दर्शन पुन्हा खुले झाले. थराखाली बुजलेली चेहऱ्याची ठेवण आणि हातांतली आयुधे आता उठून दिसत होती.

पुढे व्हायची ती चर्चा झाली. काही म्हणाले, हेच देवीचे खरे रूप. आजीचे बोट धरून गड चढलेल्यांच्या डोळ्यांत मात्र तो शेंदरी, भरीव चेहरा बसला होता. त्यांना चुकल्याचुकल्यासारखे झाले. मला या दोन्ही बाजूंत एक गोष्ट सारखीच दिसते. शेंदूर ही मूर्तीवर ‘ठेवलेली’ वस्तू आहे, लावली की लागते आणि काढली की निघते, असे दोघेही धरून चालतात. मधल्या काळात त्या थराने काय केले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. लेप ज्या दिवशी लावला त्या दिवशी तो जे असतो, ते पन्नास वर्षांनी राहिलेले नसते. लेपाला वय असते, आणि मूर्ती, भित्तिचित्रे, वाडे यांविषयीचे आपले जवळजवळ सगळे निर्णय हे वय हिशेबात न धरता घेतले जातात, असे माझे म्हणणे आहे.

आधी शेंदूर म्हणजे काय ते पाहू. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड: शिशाचे तीन अणू, प्राणवायूचे चार. कोरडा असेपर्यंत तो नुसती भुकटी आहे, फुंकर मारली तरी उडेल. त्याला धरून ठेवते ते तेल. तेलाच्या प्रत्येक रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या असतात. जवसाच्या तेलात या शेपट्यांमध्ये दुहेरी बंध पुष्कळ, तिळाच्या तेलात त्याहून कमी, खोबरेलात जवळजवळ नाहीतच. हवेतला प्राणवायू या दुहेरी बंधांच्या आसपास शिरतो आणि एका रेणूची शेपटी शेजारच्या रेणूला बांधून टाकतो. आपण याला ‘तेल वाळले’ म्हणतो, पण यात पाण्यासारखे उडून काहीच जात नाही. सुरुवातीला तर वाळणाऱ्या तेलाचे वजन वाढते, कारण ते हवा पीत असते. सुटे रेणू हळूहळू एकाच अवाढव्य जाळ्याचे भाग होतात. द्रव तेलाचे पॉलिमर होते. शिसे या कामाला वेग देते, नुसते वरवर नाही, थराच्या पोटापर्यंत. म्हणून तर जुन्या काळी लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंजापासून वाचवायला जवसाच्या तेलातला शेंदूरच फासत. गुरवाने देवाला लावला तोही त्याच जातीचा रंग. फरक इतकाच की पुलाला एकदोन हात बसले आणि देवाला शेकडो.

हे जाळे दगडाला धरते कसे? इथे पॉलिमरशास्त्रातला एक साधा हिशेब कामी येतो. लांब साखळीचा एखादा दुवा पृष्ठभागाला टेकला, तर ती पकड अगदी दुबळी असू शकते. उष्णतेने रेणू सतत थरथरत असतात, त्या थरथरीच्या तोडीची, फार तर थोडी जास्त. एकटा दुवा क्षणात सुटेल. पण साखळीचे शंभर दुवे टेकले असतील तर ती मोकळी व्हायला सगळे शंभर एकाच वेळी सुटलेले असावे लागतात. एक सुटण्याची शक्यता तीनात एक धरली, प्रत्येक सेकंदाला लाख कोटी प्रयत्न होतात असे धरले, तरी शंभर एकदम सुटायला लागणारे सेकंद मोजायला पाचावर पस्तीस शून्ये लागतात. विश्वाचे वय सेकंदांत मांडले तर ते चारावर सतरा शून्यांच्या आसपास भरते. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा रोख पक्का आहे: दुबळ्या धाग्यांची संख्या वाढली की पकड जवळजवळ अभंग होते.

आता यात वेळ घाला. साखळी पृष्ठभागावर येते तेव्हा ती गुंडाळीसारखी असते. तिचा थोडाच भाग टेकतो. बाकीचे वळसे वर राहतात, टोके शेपट्यांसारखी बाहेर लोंबतात. मग ती हळूहळू पसरते, एकेक दुवा खाली बसत जातो. चैत्रातल्या यात्रेत गडाकडे निघणाऱ्या एसटीत हाच प्रकार होतो. पहिले चढलेले ऐसपैस बसतात, शेजारी पिशवी ठेवतात. मागून आलेल्यांना दांड्याला धरून उभे राहावे लागते. शेवटचे फूटबोर्डावर एका पायावर. फूटबोर्डावरचे प्रत्येक थांब्याला बदलतात, खिडकीजवळचा आजोबा मात्र थेट नांदुरीलाच उठतो. प्रयोगशाळेत नेमके असेच दिसते. आधी पोचलेल्या साखळ्या आडव्या होऊन घट्ट बसतात, उशिरा आलेल्यांना दोनचार ठिकाणी धरून राहावे लागते. एकाच थरात दोन स्वभावांचे रेणू नांदतात, आणि ते कोण कधी आले यावर ठरते.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह ग्रॅनिक यांच्या गटाने १९९० च्या सुमारास पॉलिस्टायरीनवर याच स्वरूपाचे प्रयोग केले. साखळ्या पृष्ठभागावर बसू द्यायच्या, काही काळ तशाच राहू द्यायच्या आणि मग त्यांची जागा घेऊ शकतील अशा दुसऱ्या साखळ्या आणून सोडायच्या. पहिल्या साखळ्यांना बसायला जितका जास्त वेळ मिळाला, तितक्या त्या सावकाश हलल्या. द्रव्य तेच, तापमान तेच; बदलले होते फक्त बसण्याचे वय. पुढे वितळलेल्या पॉलिमरचे थर असेच तपासले गेले. पृष्ठभागाला कायमचा धरलेला भाग आधी भराभर वाढतो, मग वाढ मंदावते, पण थांबत नाही. पहिल्या तासात जेवढी भर पडली असेल, तेवढीच पुढे पडायला दहा तास लागतात, मग शंभर. दिवसभर पाहणाऱ्याला वाटेल, काम संपले. त्या थराला बिचाऱ्याला कुठलीच घाई नसते.

गडावरचा वाळलेला तेलथर म्हणजे काही प्रयोगशाळेतल्या सुट्या साखळ्या नव्हेत. तो जाळे आहे, त्यात खनिजाची भुकटी आहे, वर कुंकू, धूर, दुधा-तुपाचे अंश आहेत. पण म्हणूनच वेळेचा मुद्दा इथे अधिक तीव्र होतो. साखळ्या नुसत्या पसरत नाहीत, त्या एकमेकींना बांधूनही घेतात. तेलातली आम्ले शिशाशी जुळून शिशाचे साबण तयार होतात, आणि बेसॉल्टच्या पृष्ठभागावरच्या लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांनाही तीच आम्ले धरतात. कालचा हात पुसता येतो. वर्षापूर्वीचा द्रावकात फुगतो, पण विरघळत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा खरवडावाच लागतो.

वेळ नेहमी पकड घट्टच करतो आणि घट्ट पकड म्हणजे चांगली पकड, असेही नाही. याचे उलटे उदाहरण आपल्या जुन्या माजघरातच आहे. पावसाळ्यात गिरणा नदीला गढूळ पाणी यायचे तेव्हा माठाच्या आतल्या बाजूला निवळीचे बी घासत. या बियांतल्या साखळी-रेणूंचे एक टोक मातीच्या एका कणाला धरते, दुसरे टोक दुसऱ्याला. कण जुळून जड होतात आणि तळाशी बसतात. आज जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीच्या जोडीला कृत्रिम पॉलिमर वापरतात त्यामागे हेच तत्त्व आहे. गंमत अशी की हा पूल तेव्हाच बांधला जातो जेव्हा साखळीचे वळसे अजून वर असतात. ती एकाच कणावर पूर्ण पसरून बसली की दुसऱ्याला देण्यासाठी तिच्याकडे हात उरत नाही. म्हणून तिथे आधी पटकन ढवळायचे, मग हळू फिरवायचे; जास्त जोरात किंवा जास्त वेळ ढवळले की जमलेले गोळे फुटतात आणि पुन्हा धड जुळत नाहीत. निवळी घासणाऱ्या बाईला साखळी-रेणू ठाऊक नव्हते, पण किती घासायचे आणि मग माठ किती वेळ हलवायचा नाही, हे ठाऊक होते. वेळेचे ज्ञान तिच्या हातात होते.

कळवणच्या कांदा उत्पादकाकडेही ते आहे. कांद्याची पात मेणचट. नुसते औषध मारले तर थेंब घरंगळून जातो. म्हणून पंपात ‘स्टिकर’ टाकतात. या नावाने विकली जाणारी बरीच द्रव्ये थेंब पसरवतात, चिकटवत नाहीत, पण ते राहू द्या. फवारा मारल्यावर शेतकरी वर आभाळाकडे पाहतो आणि पाऊस यायला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो. वाळायला वेळ मिळाला तर औषध राहील, नाही तर पैसे पाण्यात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. फवारणीला लागू असलेले हे शहाणपण आपण देवाच्या मूर्तीपाशी आणि वारशाच्या भिंतीपाशी विसरतो. कदाचित तिथे वेळ तासांत नसून पिढ्यांत मोजावा लागतो म्हणून.

विसरण्याला परंपराही मोठी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती दिली आहे: टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले अशांचा काढा आटवायचा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, बेलफळ आणि अळशी घालायची आणि गरम असताना देवालये, लिंगे, मूर्ती, भिंती यांना लावायचा. यादी नीट पाहिली तर त्यात डिंक आहेत, राळा आहेत आणि हवेत वाळणारे जवसही आहे. पॉलिमर या कल्पनेच्या जवळजवळ चौदाशे वर्षे आधीचे पॉलिमर. हरमान स्टाउडिंगर यांनी लांब साखळी-रेणूंची कल्पना मांडली १९२० मध्ये, आणि ती रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला आणखी दशक गेले. वराहमिहिराच्या द्रव्यज्ञानाबद्दल मला आदरच आहे. पण हा लेप कोटी वर्षे टिकतो, असे त्याने जे पुढे म्हटले आहे, तिथून गडबड सुरू होते. लेपाचे टिकणे हा निव्वळ गुण मानला गेला. टिकून तो काय होईल, हे कोणी विचारले नाही.

त्याचे उत्तर अजिंठ्याने दिले. निजामाच्या सरकारने १९२० साली लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. चित्रांचे पापुद्रे सुटत होते, ते त्यांनी बसवले आणि वर चपड्याचा, म्हणजे लाखेचा, पातळ हात दिला. ताजी लाख मद्यार्कात सहज विरघळते. हवे तेव्हा पुसून काढता येईल, हाच तर तिचा गुण होता. पण लाखेचे रेणू वर्षागणिक आपापसांत जुळत जातात. दशके गेली तशी ती पिवळी, मग तपकिरी झाली, तिच्याखाली धूळ आणि काजळी अडकली, आणि मद्यार्काला ती दाद देईनाशी झाली. चित्र जिवंत ठेवण्यासाठी दिलेला हात चित्र झाकू लागला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचेही हात दिले. लाख काढण्याचे काम तज्ज्ञांना इंचाइंचाने करावे लागले.

इटालियनांना मी दोष देणार नाही. त्यांच्या वेळचे सर्वोत्तम ज्ञान त्यांनी वापरले. पण संवर्धनाच्या क्षेत्रात ‘पुन्हा काढता येईल असेच द्रव्य वापरावे’ हा जो नियम आज आदराने सांगितला जातो, त्याच्याकडे मी अजिंठ्यामुळे संशयाने पाहतो. काढता येईल, पण केव्हापर्यंत? वीस वर्षे, पन्नास? आणि ती मुदत संपत आल्याचे कोण कोणाला कळवणार? हा गुण मुदतीचा आहे. मुदत न लिहिता दिलेली ग्वाही ही थाप नसेल, पण पुरती ग्वाहीही नाही.

आजचे वज्रलेप तर आणखी पुढे गेले आहेत. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थांबवण्यासाठी वेळोवेळी लेप दिले गेले. २०२० साली, टाळेबंदीच्या काळातही, एक दिला गेला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याने संवर्धनाचे काम केले. अशा कामांत इपॉक्सीसारखी द्रव्ये आली की शंभर वर्षांचा प्रवास एका रात्रीत उरकतो: दोन द्रव एकत्र केले की काही तासांत ते जाळे होतात, आणि त्या जाळ्याला मागे फिरायची वाट नसते. वापरू नयेच असे मी म्हणत नाही. पायांवर टेकणारे लाखो हात आणि कपाळे दगडाला झिजवतात, तेव्हा काहीतरी करावेच लागते. मात्र ‘लेप दिला, प्रश्न सुटला’ अशी बातमी वाचली की मला ती अर्धी वाटते.

देवावरच्या शेंदराचे कवच कधीकधी आपण होऊन गळते. मोरगावच्या मयूरेश्वराचे असे कवच १७८८ आणि १८८२ साली गळाल्याचे सांगितले जाते. भाविक त्यात देवाची इच्छा पाहतात. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, पण त्याच घटनेत एक हिशेबही आहे. तेलाचा थर वाळताना आणि जुना होताना आक्रसतो. खाली दगड हलत नाही, म्हणून थरात ताण साठतो. थर जितका जाड, तितका साठलेला ताण जास्त. दगडाशी असलेली पकड मात्र थराच्या जाडीने वाढत नाही, कारण पकड फक्त तळाशी आहे. म्हणजे वरून दर वर्षी भर घालत गेलो तर एक दिवस ताण पकडीच्या वर जाणारच. त्यात गडासारख्या ठिकाणी चार महिने धुके आणि पाऊस. कातळाला पाणी आवडते. पाण्याचे बारके रेणू फटींतून शिरून तेलाच्या जागा एकेक करून बळकावतात. साखळी एकदम सगळी सुटू शकत नाही, पण दुव्याच्या जागी दुसरे कोणी बसत गेले तर ती बिनबोभाट उठते. ओल काही न काढता सगळे काढते. नव्या हाताने जुना थर बळकट होतो, ही समजूत या हिशेबात टिकत नाही. आणि असा ढलपा निघतो तेव्हा तो दगडाची वरची पातळ साल, म्हणजे कोरीव रेषा, सोबत नेऊ शकतो.

मग गडावर २०२२ मध्ये केले ते बरोबर झाले का? माझ्या मते बरोबर. पण ‘मूळ रूप बाहेर आले’ एवढ्या एका वाक्यात ते संपवणे मला पटत नाही. निघालेला थर हा कचरा नव्हता. त्याचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर झाडाच्या वलयांसारखा वाचता येतो: कोणत्या काळात कोणते तेल, शिशाचा खरा शेंदूर कुठवर आणि बाजारातली स्वस्त शेंदरी भुकटी कुठून पुढे, धुराच्या काळ्या रेघा कुठे. ज्या देवस्थानांची कागदपत्रे शे-दीडशे वर्षांपलीकडे जात नाहीत, त्यांच्यासाठी हा दप्तराचा जुना भाग आहे. शेंदूर उतरवणाऱ्या प्रत्येक देवस्थानाने अशा दोनचार छेदांचे नमुने, मूर्तीच्या कोणत्या भागावरून घेतले ते लिहून, जपून ठेवावेत. शिशाची धूळ फुप्फुसात जाते आणि शरीरात साठते, तेव्हा खरवडणाऱ्या कारागिरांना मास्क आणि हातमोजे देणे ही मेहेरबानी नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

श्रद्धेच्या जागी रसायन कशाला आणता, असा आक्षेप येईल. मी ते आणलेले नाही. गुरवाने पहिल्यांदा तेल आणि शेंदूर एकत्र खलला त्याच दिवशी ते आले. उलट परंपरेत वेळेचे भान होते असे मला वाटते: ठरावीक सणाला, ठरावीक माणसाने, हाताने लावायचे. बिघडले ते नंतर. शेंदूर खलून लावण्याऐवजी डब्यातून ओतला गेला, नवसाच्या संख्येने हात वाढले, तेल कोणते याकडे कोणी पाहिले नाही. खोबरेल किंवा खनिज तेल मिसळले तर थर वाळतच नाही, चिकट राहतो आणि धूळ खातो. जवसाचे घातले तर दगडासारखा होतो. हा भक्तीतला फरक नाही, बाटलीतला आहे, आणि तो कोणाच्याही नोंदीत नाही.

पुढचा हात गडावर असो की गावातल्या मारुतीला, दिला जाणारच. तो देऊ नका म्हणणे अव्यवहार्य आहे आणि उद्धटपणाचेही. तो पातळ असावा. भर पावसाळ्यात, भिंत पाझरत असताना देऊ नये. आधीचा हात नीट वाळल्याशिवाय दुसरा चढवू नये. आणि मूर्तीला झेपेल इतकाच शेंदूर मूर्तीला लावून बाकीचा नवसाचा शेंदूर पादुकांना किंवा शेजारच्या शिळेला द्यावा. कित्येक ठिकाणी अभिषेकासाठी वेगळी उत्सवमूर्ती ठेवतात, तसेच हे. देवस्थानांत एकेका रुपयाच्या देणगीची पावती फाडतात, साडीचोळीची, नारळांचीही वही असते. त्याच वहीत आणखी एक पान उघडायला खर्च काहीच नाही: तारीख, तेलाची जात, शेंदूर कोठून आणला, किती ग्रॅम, कोणी लावला, आणि हा हात कोणत्या सालापर्यंत सहज उतरेल असा लावणाऱ्याचा अंदाज.